रोजचं विज्ञान : घडीचा चाकू घेताना

कैरी चिरून चाकू तसाच ठेवला, की काही पात्यांवर काळे डाग पडतात, काही लख्ख राहतात. फरक क्रोमियमचा. पोलादात ते साधारण १०.५ टक्क्यांहून जास्त असेल, तर हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून पात्यावर अतिशय पातळ थर बनतो. ओरखडा पडला तरी जखमेवर खपली धरावी तसा तो पुन्हा धरतो. साध्या कार्बन पोलादाला हे संरक्षण नसतं. मात्र दगडावर त्याला धार चटकन लागते.

धार टिकते कडकपणामुळे. पण फार कडक पातं ठिसूळ होतं. म्हणून लालबुंद तापवून झटकन थंड केलेलं पोलाद पुन्हा थोडं तापवतात. कडकपणा जरासा उतरतो, चिवटपणा येतो.

घडीच्या चाकूचं खरं दुखणं मात्र सांध्यात असतं. दुकानातच पातं उघडून आडवं हलवून पाहा. खुळखुळलं तर घेऊ नका. उघडं पातं अडवणारी सोय हवीच, नाहीतर जोर लावताना ते बोटांवर मिटतं. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूंवर १९५५ पासून यासाठी मुठीच्या तोंडाशी फिरती धातूची कडी आली. खोकी, सुतळी, फळं अशा रोजच्या कामाला मी स्टेनलेस पातं आणि अशीच साधी कडी निवडेन.