आकाशातील लहरींचा लिलाव आणि खेड्यातील मोबाईल

हैदराबादमधील मलकपेठच्या बाजार आवारात महाराष्ट्रातून कांदा येत असतो, ही गोष्ट सोलापूर, अहिल्यानगर व नाशिक भागांतील शेतकऱ्यांना नवी नाही. माल जवळच्या बाजारात विकावा की ट्रक पुढे हैदराबादला न्यावा, हा निर्णय अनेकदा आदल्या रात्री मोबाईलवर झालेल्या दोन-चार वाक्यांवर ठरतो. मलकपेठेत अडत्याच्या गादीवर रेंजची अडचण सहसा नसते. अडचण असते ती दुसऱ्या टोकाला. शेतकऱ्याच्या वस्तीवर रेंज नसेल, तर भाव कळावयाचा तो ट्रक निघून गेल्यावर. रास्त भाव दुकानातील यंत्र, शाळेने भरावयाची माहिती, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका या सर्वांचेच अडते. २०२० साली टाळेबंदीच्या काळात विद्यार्थी अभ्यासासाठी डोंगरमाथ्यावर जाऊन बसत, हे शिक्षकांच्या चांगलेच स्मरणात असेल.

मोबाईल कंपन्या लिलावात शासनाला हजारो कोटी रुपये देतात, मग आमच्या गावी मनोरा का नाही, असा प्रश्न ग्रामस्थ विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरासाठी या लिलावात नेमके काय विकले जाते व त्याचा पैसा कोठे जातो, हे पाहिले पाहिजे.

काय विकले जाते?

मोबाईलचे संभाषण तारेवाचून, रेडिओ लहरींच्या द्वारे चालते. एकाच पट्ट्यात दोघांनी एकाच ठिकाणी लहरी सोडल्या तर दोघांच्याही बोलण्याचा गोंधळ होतो. म्हणून कोणी कोणता पट्टा वापरावयाचा हे केंद्र शासन ठरवून देते. या लहरी ही सार्वजनिक संपत्ती होय, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये स्पष्ट केले. २००८ साली 'प्रथम येणाऱ्यास प्रथम' या पद्धतीने परवाने व त्यांसोबत लहरी देण्यात आल्या. त्यांपैकी १२२ परवाने न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी रद्द ठरविले. त्याआधीच, २०१० साली, तिसऱ्या पिढीच्या सेवेसाठी लिलाव झाला होता. तो ३४ दिवस चालला व त्यातून ६७,७१९ कोटी रुपये उभे राहिले. २०१२ पासून मोबाईल कंपन्यांसाठी लिलाव हाच राजमार्ग ठरला आहे.

लिलाव गावागणिक किंवा जिल्ह्यागणिक होत नाही. देशाचे २२ दूरसंचार विभाग पाडलेले आहेत. मुंबई वगळता महाराष्ट्र व गोवा मिळून एक विभाग होतो. २०१४ साली तेलंगण राज्य निर्माण झाले, तरी आंध्र प्रदेश व तेलंगण यांचा दूरसंचार विभाग एकच राहिला. म्हणजेच या विभागासाठी बोली लावणाऱ्या कंपनीस मलकपेठच्या गजबजलेल्या रस्त्यांवर आणि आदिलाबादच्या रानातील पाड्यांवर लहर वापरण्याचा हक्क एकाच किमतीत मिळतो. हक्क मिळाला म्हणजे तेथे सेवा देण्याचे बंधन आले, असा समज मात्र चुकीचा आहे. कंपनी प्रथम मलकपेठेस जाते, कारण तेथे एका मनोऱ्याखाली हजारो ग्राहक असतात. पाड्यावर तीस-चाळीस घरे, आणि तीही दूरदूर. व्यापार व्यापाराच्या रीतीने चालणार. त्याला दिशा द्यावयाची ती अटींनी.

आपल्याकडे या अटी मुख्यतः जिल्ह्याच्या व तालुक्याच्या मुख्यालयांशी बांधलेल्या राहिल्या. ठराविक वर्षांत इतकी मुख्यालये व्यापावीत, असे त्यांचे स्वरूप होते. मुख्यालयापासून वीस कोस दूर असलेल्या वाडीचा त्यांत उल्लेख नव्हता. जर्मनीने २०१० च्या लिलावात ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी उलट क्रम लावला होता. आधी पाच हजारांहून कमी वस्तीची गावे, आणि ती बहुतांशी व्यापल्यावरच मोठी शहरे. तेथील परिस्थिती व आपली परिस्थिती यांत अंतर आहे हे खरे. पण लिलावाच्या कागदातच खेड्याची सोय करता येते, एवढे त्यावरून दिसते.

खेड्याच्या उपयोगाची लहर

सर्वच लहरी सारख्या नसतात. जत्रेतील ढोलाचा घुमारा पलीकडच्या वाडीपर्यंत ऐकू येतो, झांजांचा नाद मात्र वाटेतच विरतो. रेडिओ लहरींचेही काहीसे तसेच आहे. ७०० किंवा ८०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते व भिंतींतूनही आत शिरते. ३,३०० मेगाहर्ट्झची लहर पुष्कळ माहिती वाहून नेते, पण थोड्याच अंतरापर्यंत. विरळ वस्तीच्या डोंगराळ मुलुखाला पहिली सोयीची, कारण तिला मनोरे कमी लागतात.

अशी ही ७०० मेगाहर्ट्झची लहर २०१६ च्या लिलावात ठेवण्यात आली, तेव्हा तिची किमान किंमत देशभरासाठी दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये होती. एकाही कंपनीने बोली लावली नाही. २०२१ साली ती ६,५६८ कोटींवर आणली, तरीही गिऱ्हाईक मिळाले नाही. २०२२ साली ३,९२७ कोटी ठरविल्यावर एका कंपनीने ती २२ ही विभागांसाठी घेतली. मधल्या सहा वर्षांत शासनाला या लहरीपासून पैसा मिळाला नाही व मोबाईलग्राहकांनाही तिचा उपयोग झाला नाही. धान्य कोठारात पडून राहिले तर निदान पुढे विकता येते. लहरीचा वाया गेलेला दिवस परत मिळत नाही. किंमत ठरविताना तिजोरीकडे जितके लक्ष दिले गेले, तितके या नुकसानीकडे दिले गेले नाही, असेच म्हणावे लागते.

पैसा कोठे जातो?

लिलावाचा पैसा गावोगाव मनोरे उभारण्यासाठी राखून ठेवलेला असतो, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. ही रक्कम केंद्र शासनाच्या एकत्रित निधीत जमा होते आणि इतर महसुलाप्रमाणे खर्च होते. खेड्यांसाठी वेगळा निधी आहे. कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के रक्कम त्यासाठी घेतली जाते. २००२ साली सुरू झालेला हा निधी २०२३ च्या दूरसंचार कायद्याने 'डिजिटल भारत निधी' या नावाने ओळखला जातो.

या दोन वाटा किती भिन्न आहेत, हे जुलै २०२२ मध्ये स्पष्ट दिसले. २६ जुलै रोजी पाचव्या पिढीच्या लहरींचा लिलाव सुरू झाला व १ ऑगस्टपर्यंत १,५०,१७३ कोटींच्या बोली लागल्या. लिलाव चालू असतानाच, २७ जुलै रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने सेवेपासून वंचित राहिलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची ४-जी योजना मंजूर केली व ते काम बीएसएनएलकडे सोपविले. त्यापूर्वी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, पाच राज्यांच्या आकांक्षित जिल्ह्यांतील ७,२८७ गावांची योजना मंजूर झाली होती. त्यांत महाराष्ट्रातील ६१० व आंध्र प्रदेशातील १,२१८ गावे होती. राज्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम व धाराशिव हे आकांक्षित जिल्हे होत. जून २०२३ मध्ये बीएसएनएलला ७०० मेगाहर्ट्झची लहरही लिलावाविना देण्याचे ठरले. ज्या गावांकडे लिलावाने पाहिले नाही, त्यांच्याकडे अखेर निधीने आणि सरकारी कंपनीने पाहिले.

मनोऱ्याला लहरीइतकीच जमीन, वीज आणि पुढे संदेश नेणारी प्रकाशतंतूंची तार लागते. या बाबी राज्याच्या व गावाच्या हाती बऱ्याच प्रमाणात असतात. बीएसएनएलच्या योजनेसाठी महाराष्ट्र शासनाने २०२२ साली विनामूल्य जमीन देण्याचे ठरविले. जागेचा वाद मिटलेला असणे व ग्रामसभेचा ठराव तयार असणे यांमुळे काम पुष्कळ सुकर होते.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे लागतात. शिक्षकांनी किंवा ग्रामसेवकांनी आपले गाव त्यांत शोधून पाहावे. नकाशात सेवा दाखविली असून प्रत्यक्षात ती मिळत नसेल, तर ग्राहकाने कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. दाद न मिळाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे तो क्रमांक देऊन अपील करता येते. त्यासाठी शुल्क पडत नाही.