थंडीतलं रान कागदावर उतरवताना

चंद्रपूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात, ऊन आणि वाघ. उन्हाचं म्हणाल तर खरंच आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की रंगपेटीच काय, खिडकीसुद्धा उघडवत नाही. पण मार्गशीर्ष-पौषात इकडचं रान पाहिलंय का तुम्ही? आणि पाहिलं असेल, तर कधी कागद-पेन्सिल घेऊन पाहिलंय?

"मोबाईलवर फोटो काढ की, दोन मिनिटांचं काम," असं आमच्या घरीही म्हणतात. फोटो काढावा, जरूर काढावा. पण फोटो काढला की आपण पुढे चालू लागतो. चित्र काढायला बसलं की अर्धा तास एकाच झाडाकडे बघावं लागतं, आणि मग कळतं की इतकी वर्षं आपण त्या झाडाजवळून नुसतेच जात होतो.

पहिला धक्का बसतो तो रंग कालवताना. हिवाळ्यातलं रान हिरवं नसतंच मुळी! सागाची पानं कडेनं करपत करपत न घासलेल्या पितळेच्या रंगावर येतात आणि मग गळतात. खालचं गवत वाळून फिकं सोनेरी झालेलं असतं. धान कापून झालेल्या बांध्यांत नुसती धसकटं. हिरव्या रंगाची वडी जवळजवळ तशीच राहते आणि संपतो तो पिवळा गेरू आणि बर्न्ट सिएना. सावलीसाठी काळा मात्र वापरू नका, चित्र मळकट दिसतं. बर्न्ट सिएनात थोडा अल्ट्रामरीन निळा घाला, सकाळच्या धुक्यातल्या झाडांचा करडा रंग नेमका मिळतो.

पानं गळाली की खोडं दिसू लागतात, आणि खोडांत खरी मजा आहे. ऐनाचं खोड मगरीच्या पाठीसारखं भेगाळलेलं. तेंदूचं काळं, ताटात थापून सुरीनं चौकोन पाडलेल्या वड्यांसारखं. नाल्याकाठचा अर्जुन गुळगुळीत आणि पांढुरका. आणि भुत्या! नाव अगदी शोभतं त्याला. निष्पर्ण झालेलं ते गोरं, गुलाबीसर झाड संध्याकाळच्या उजेडात एकटं उभं असलं की मुलं बिचकतातच. ते काढताना झाडाला रंग देऊच नये, भोवतालचं रान रंगवावं आणि झाडापुरता कागद कोराच ठेवावा.

सामान फार लागत नाही. मुलांची शाळेची रंगपेटी चालते. कार्ट्रिज कागदाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे कापावेत, परीक्षेचा क्लिपवाला पॅड घ्यावा, पाण्याला जॅमची रिकामी बाटली आणि ब्रश पुसायला जुन्या सुती साडीचा तुकडा. एक लक्षात ठेवा, पहाटे दंवानं कागद ओलसर होतो आणि रंग लवकर वाळत नाही. आकाश रंगवून लगेच त्यावर झाड काढायला गेलात तर झाड आकाशात पसरतं. नऊ वाजेपर्यंत नुसती पेन्सिल चालवावी, ऊन आलं की रंग काढावेत.

आता बसायचं कुठे, हा आमच्याकडचा अवघड प्रश्न. पुस्तकांत लिहिलेलं असतं की निसर्गात जावं, मनाला भावेल ती जागा निवडावी आणि जमिनीवर मांडी घालून बसावं. इथे तसं चालत नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही भागात वाघ राखीव जंगलाच्या बाहेरही, गावांना लागून राहतो. सरपणाला जाणाऱ्या एका बाईंनी मला फार सोप्या शब्दांत सांगितलं होतं, "वाकलं का मानूस त्याले जनावरच दिसते, बाई. उभ्या मानसाले तो भेते." म्हणून त्या एकट्या जात नाहीत, मोठ्यानं बोलत जातात. पण मोहफुलं वेचायची तर वाकावंच लागतं, तेंदूपानं तोडायची तरी वाकावंच लागतं. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं आणायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. त्यांना पोटासाठी जावं लागतं. आपण हौसेसाठी जाणार, तेव्हा आपण तरी धोका ओढवून घेण्यात काही शहाणपण नाही.

म्हणून माझे नियम कडक आहेत. रानात शिरून बसायचं नाही. गावाच्या, माणसांच्या वर्दळीच्या जागेवरून रानाकडे बघायचं. पाठीशी भिंत हवी, बसायला घडीची खुर्ची हवी. किमान दोघी जणी हव्यात, एकीची मान कागदात असली की दुसरीनं इकडेतिकडे बघायचं. दाट झुडपांच्या आणि नाल्याच्या कडेला बसायचं नाही आणि चारनंतर सामान आवरायचं. गावकऱ्यांना किंवा वनरक्षकाला विचारल्याशिवाय जागा ठरवायची नाही, ते तर झालंच.

ताडोबात गेलात तर गाडीतून खाली उतरता येत नाही. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. तिथे तळ्याजवळ गाडी थांबते तेवढ्या वेळात पेन्सिलीनं चार रेघा ओढायच्या आणि रंग घरी भरायचा. वाघाची वाट बघत बसण्यापेक्षा वेळ बरा जातो, हा माझा अनुभव!

निवांत बसायचं तर चामोर्शी तालुक्यातलं मार्कंडा चांगलं. वैनगंगा तिथे उत्तरवाहिनी होते, पात्र ऐसपैस आहे आणि देवळांवरची कोरीव मूर्तिकला बघता बघता दिवस सरतो. महाशिवरात्रीच्या जत्रेआधी गेलात तर गर्दीही नसते. बल्लारपूरचा वर्धेकाठचा किल्लाही छान. जुना साग बघायचा तर गडचिरोलीत आलापल्लीचं 'वनवैभव' आहे, त्याला २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान्यता मिळाली. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये साग गेला तो आपल्याच भागातून, हे तुम्हाला आठवत असेल. आणि अगदीच जमलं नाही तर चंद्रपुरातला रामाळा तलाव आहेच. सकाळी धुकं असतं तेव्हा त्याचा पलीकडचा काठ नाहीसा होतो, कागदाचं अर्धं काम धुकंच करतं.

रोज नवी जागा शोधायची गरज नाही, बरं का. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेले आबालाल रहिमान कोल्हापुरात कोटीतीर्थ तलावाकाठी राहिले आणि त्या परिसराची चित्रं वर्षानुवर्षं काढत राहिले. आपल्याला आठवड्यातून एक रविवार मिळतो, तोही स्वयंपाक उरकून, डबा भरून. तेव्हा जवळचंच एक झाड धरावं आणि कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत तेच काढावं. पळस धरलात तर शेवटच्या चित्राला केशरी रंग लागेल.

मागच्या पौषात मी एका गावाच्या एस.टी. थांब्यावर बसून सागाची रांग काढत होते. तेवढ्यात सरपणाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन पाच-सहा जणी रस्त्यानं आल्या. ताठ, भराभर, मोठमोठ्यानं बोलत. झाडं सोडून मी त्यांनाच काढलं. एक जण थांबल्या, मोळी उतरवली आणि कागदात डोकावून म्हणाल्या, "एवढीशीच काढली का वो बाई माही मोळी? याच्या दुप्पट हाये ना!"