संगणक आज्ञावलींची अनधिकृत नक्कल
संगणक आज्ञावलींची अनधिकृत नक्कल म्हणजे प्रताधिकारधारकाच्या परवानगीवाचून सॉफ्टवेअरची प्रत करणे, ती वाटणे किंवा वापरणे. अशा प्रतीस व्यवहारात 'पायरेटेड' म्हटले जाते. अत्यल्प दरात पुन्हा विकल्या जाणाऱ्या 'लायसन्स की'चा प्रश्नही याच विषयात येतो.

मराठी मुद्रणव्यवसाय

संगणकावर मराठी अक्षरजुळणी सुरू झाली तेव्हा युनिकोड रूढ नव्हते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्री-लिपी', सी-डॅकची 'आयएसएम' अशा प्रत्येक प्रणालीचे अक्षरसंकेत निराळे. एका फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांत उमटे. त्यामुळे लेखक, मुद्रितशोधक आणि छापखाना या तिघांकडेही तोच फॉन्ट असणे भाग पडे. मजकुरासोबत फॉन्टही हातोहात जाई. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव वा चिखलीसारख्या गावी लग्नपत्रिका जुळवणाऱ्या लहान व्यावसायिकाला ही चोरी न वाटता कामाची गरज वाटणे स्वाभाविक होते.

'कंपनी श्रीमंत आहे, एका प्रतीने तिचे काय बिघडते?' हे नेहमीचे समर्थन बहुराष्ट्रीय कंपन्यांपुरते तरी समजण्याजोगे आहे. मराठी फॉन्टला ते लागू पडत नाही. येथील ग्राहकवर्ग मर्यादित; जोडाक्षरांसह शेकडो आकृती रेखाटण्याचे कष्ट मात्र तेवढेच. शिवाय पैसे मोजून परवाना घेणाऱ्या छापखान्याला, फुकट प्रत वापरणाऱ्या शेजाऱ्याच्याच दरात काम करावे लागते. हा अन्याय चर्चेत क्वचितच येतो.

स्वस्त 'की'

येथे ग्राहक पैसे देतो, म्हणून आपण प्रामाणिक आहोत असे त्याला वाटते. परंतु 'की' चालणे आणि परवाना मिळणे या भिन्न गोष्टी आहेत. अशा अनेक 'की' संस्थांच्या सामूहिक परवान्यातून फोडलेल्या, जुन्या संगणकाशी बांधलेल्या किंवा चोरलेल्या क्रेडिट कार्डावर घेतलेल्या असतात. कंपनीने ती पुढे बंद केल्यास विक्रेता बहुधा सापडत नाही. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये कायमस्वरूपी परवान्याच्या पुनर्विक्रीस मुभा दिली. मात्र विक्रेत्याने स्वतःची प्रत निकामी केली पाहिजे आणि सामूहिक परवान्याचे तुकडे करून विकता येणार नाहीत, असेही स्पष्ट केले.

भारतीय कायदा

प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये १९८४ च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावलींचा 'साहित्यकृती'त समावेश झाला. १९९४ मध्ये आलेल्या कलम ६३ बी नुसार अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी वा व्यापारात नसेल, तर न्यायालय कारावास टाळून पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. घरी अभ्यास करणारा विद्यार्थी आणि व्यावसायिक यांत कायद्यानेच असा फरक केला आहे.

पर्याय

लिबरऑफिस मराठीतून विनामूल्य मिळते. मुंबईच्या एक टाइप संस्थेचा 'मुक्ता' हा युनिकोड फॉन्ट खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहे. अडचण जुन्या मजकुराची आहे: तो युनिकोडमध्ये रूपांतरित करताना जोडाक्षरे व रफार बिघडू शकतात आणि मुद्रिते पुन्हा तपासावी लागतात.