न आलेल्या पाहुण्याचा भाव

शनिवारी दुपारनंतर वसईतल्या गिरीजच्या रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. कोणी रानगावच्या किनाऱ्यावर निघालेलं, कोणी कळंब-राजोडीच्या रिसॉर्टवर. त्या रात्री तिथल्या खोलीचा भाव विचारायची सोय नसते. आणि नेमक्या त्याच रात्री वांद्रे-कुर्ला संकुलात नि अंधेरी पूर्वेला, जिथे मंगळवारी खोली मिळता मिळत नाही, तिथली हॉटेलं दर उतरवून गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेली असतात. मंगळवार उजाडला की पारडं फिरतं. किनारा ओस आणि कंपन्यांची माणसं अंधेरीत दाखल. दोन्हीकडे खोली तीच, गादी तीच, न्याहारीचा उपमाही तोच. मधे फक्त तीसेक किलोमीटरची रेल्वे आणि तीन दिवस.

हे कोडं सोडवायला वसईच्या माणसाला लांब जावं लागत नाही. इथला सोनचाफा पहाटेच्या लोकलने दादरच्या फूल मार्केटात जातो. सणाच्या आदल्या दिवशी त्याला जो भाव मिळतो तो सण उलटल्यावर मिळत नाही, आणि दुपार झाली की चाफा मान टाकतो. हॉटेलातली रात्र त्याहूनही नाशवंत. उरलेला चाफा निदान पडेल भावाने देऊन टाकता येतो; काल रिकामी गेलेली रात्र आज कोणाला फुकटसुद्धा देता येत नाही. तिकडे वीज, पगार, भाडं, कर्जाचा हप्ता हे सगळं खोली भरो न भरो चालूच. म्हणून तारीख जवळ येऊनही खोल्या पडून असतील तर हॉटेलवाला मिळेल त्या भावाला राजी होतो. आणि गर्दी होणार असा वास आला, की तोच माणूस ताठ होतो.

पण गर्दी होणार हे त्याला आधी कळतं कसं? इथून पुढची गोष्ट मला खरोखर अद्भुत वाटते.

१९७२ साली केन लिटलवुड नावाचा माणूस बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीत एका साध्या प्रश्नाशी झुंजत होता. स्वस्त तिकिटाचं गिऱ्हाईक आधी येतं, महागडं आयत्या वेळी येतं. मग स्वस्तात किती जागा द्याव्यात? त्याने दिलेलं उत्तर एका ओळीत मावतं : समोरच्या माणसाचा स्वस्त भाव हा, अजून न आलेल्या माणसाच्या महाग भावाला त्याच्या येण्याच्या शक्यतेने गुणून जे येईल त्याहून कमी नसेल, तरच जागा त्याला द्या.

अंधेरीतलं चाळीस खोल्यांचं एक हॉटेल मनात धरू. आज बुकिंग करणारा तीन हजार देतो, ऐनवेळी येणारा कंपनीचा माणूस सहा हजार. सहाच्या निम्मे तीन. म्हणजे महागडा पाहुणा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असेल तोवर खोली राखून ठेवणं फायद्याचं. असा पहिला पाहुणा येणार हे जवळजवळ नक्की. दहावा बहुतेक येईल. विसावा येण्याची शक्यता निम्म्याहून जेमतेम जास्त, एकविसाव्याची कमी. तर वीस खोल्या राखायच्या, वीस आत्ता देऊन टाकायच्या. आता समजा ऐनवेळचा माणूस सहाऐवजी चारच हजार देणार असेल. तीनला चारने भागलं की पंच्याहत्तर टक्के. तितकी खात्री फार थोड्या पाहुण्यांची असते, म्हणून राखीव खोल्या घटतात आणि स्वस्तातल्या वाढतात.

म्हणजे मोबाइलवर दिसणाऱ्या आकड्यात तुमचा वाटा थोडाच असतो. चेन्नईत किंवा पुण्यात बसलेल्या, अजून तिकीटही न काढलेल्या कुणा अनोळखी माणसाबद्दलचा तो अंदाज असतो, आणि त्या अंदाजाचं बिल तुमच्या नावाने फाटतं. १९८० च्या दशकात अमेरिकन एअरलाइन्सने हे गणित संगणकावर चढवलं, मागोमाग मॅरियटसारख्या हॉटेल कंपन्यांनी उचललं. आता मोठ्या हॉटेलांत ही आकडेमोड दिवसातून कितीदा तरी होते. सकाळी बघितलेला दर संध्याकाळी दिसला नाही तर कोणी डाव साधलाय असं समजू नका. दुपारी कुठेतरी दहाबारा माणसांनी बुकिंग केलं, एवढंच.

अंदाजाला खात्रीची जोड मिळाली की काय होतं, ते अहमदाबादेत दिसलं. २०२३ च्या विश्वचषकातला भारत-पाकिस्तान सामना तिथे ठरला आणि हॉटेलांचे भाव असे भडकले, की लोकांनी चक्क स्टेडियमजवळच्या रुग्णालयांत तपासणीच्या नावाखाली खाटा मागायला सुरुवात केली. खाट, जेवण आणि वर रक्ताची तपासणी! पुढे सामनाच १५ ऑक्टोबरवरून १४ वर आला, आणि १५ ची महागडी खोली धरून बसलेल्यांचा हिरमोड झाला. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे कार्यक्रम नवी मुंबईत झाले तेव्हा डी. वाय. पाटील स्टेडियमच्या आसपासच्या हॉटेलांनीही तोच रंग दाखवला.

तेव्हा मुंबईला कधी जावं, हा प्रश्न खरा असा आहे : बाकीचे कधी जात नाहीत? त्याचं उत्तर हवामानखात्याइतकंच पंचांगातही सापडतं. तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांना मोकळीक मिळते. हॉटेलांचे हॉल भरतात, हॉल भरले की वरच्या खोल्या वऱ्हाडाला जातात. त्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली, परदेशी पाहुणे, नाताळ, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारची मॅरेथॉन. आमच्या वसईत दुसरं एक पंचांगही चालतं. ख्रिस्ती लग्नं आगमनकाळात आणि उपवासकाळात सहसा होत नाहीत, त्यामुळे नाताळनंतरच्या आठवड्यांत त्यांची एकच धांदल उडते. आखातातले, कॅनडातले नातेवाईकही तेव्हाच आलेले. अशा वेळी 'मुंबईत एखादी स्वस्त खोली बघून ठेव' असा पुतण्याचा फोन आला तर काका काय करणार?

चातुर्मासात लग्नं थांबतात आणि पाऊस असतो, म्हणून जून ते सप्टेंबर मुंबई स्वस्त. पण मुंबईचा जुलै म्हणजे गंमत नव्हे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. एरवीही रुळांवर पाणी साचलं की स्वस्त खोलीत बसून छत बघावं लागतं. माझा कौल पितृपंधरवड्याला. गणपती गेलेले, नवरात्र यायचंय, लग्नाचं नाव कोणी काढत नाही, नवी खरेदीही लोक पुढे ढकलतात. पाऊसही आवरतं घेत असतो; मुंबईतून तो साधारण ८ ऑक्टोबरला परततो. आणि एखाद्या वर्षी ऐन लग्नसराईत अधिक महिना येतो, जसा २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ; त्यातही लग्नं टाळतात. उकाडा सोसणार असाल तर तोही विचारात घ्यावा.

आठवड्यातली स्वस्त रात्र बहुधा रविवारची. मजा करणारे परतलेले, कामवाले सोमवारी सकाळच्या विमानाने येणार. मधली रात्र कोणाचीच नाही.

खोली कुठे घ्यावी यातही भरती-ओहोटी आहे. सकाळी आठला विरारहून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि शेजारच्या रुळावरून उलट येणाऱ्या गाडीत खिडकी मिळते. दक्षिणेला राहून सकाळी उत्तरेकडे कामाला जाणारा पाहुणा तिकिटाच्या त्याच पैशांत सुखाने जातो. शंभर रुपये स्वस्त म्हणून उपनगरात खोली घेऊन रोज गर्दीच्या दिशेने जाणाऱ्याला ते शंभर रुपये घामातून चुकते करावे लागतात.

एक खाच सरकारी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला पाच टक्के जीएसटी, त्यावर गेलं की अठरा. ७,५०० ची खोली करासकट ७,८७५ ला पडते, ७,५०१ ची ८,८५१ ला. एका रुपयासाठी ९७६ रुपये! दर त्या रेषेला टेकलेला दिसला तर फोन करून थोडं कमी करायला सांगावं. हॉटेलवाल्यालाही ते समजतं.

रात्रीपुरतं अंग टाकायचं असेल तर मुंबई सेंट्रलला रेल्वेचं पॉड हॉटेल आहे, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेलं. एका माणसाच्या मापाची पेटीवजा खोली. कल्पना जपानची, १९७९ साली ओसाकात जन्मलेली. पहाटेची गाडी असलेल्याला ती खोली पुरते.

पण परळला टाटा हॉस्पिटलात येणाऱ्यांना तारीख निवडता येत नाही. केमोचा दिवस डॉक्टर ठरवतात, मग लग्नसराई असो की मॅरेथॉन. त्यांच्यासाठी या शहरात लिटलवुडच्या गणिताबाहेरच्या जागा आहेत : गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती. तिथे खोली मिळते ती रुग्णालयाच्या कागदांवर आणि रांगेतल्या नंबरावर. नाताळच्या आठवड्यात तिथला दर चढत नाही. रांग मात्र बाराही महिने असते, म्हणून तारीख कळली की लगेच चौकशी करावी.