दोन शक्तींची मोटार

मोटार म्हटली, की पेट्रोलची टाकी, एंजिनाची घरघर आणि मागून निघणारा धूर या गोष्टी आपल्या डोळ्यांपुढे येतात. केवळ विजेवर धावणाऱ्या मोटारीही आता रस्त्यांवर दिसू लागल्या आहेत. त्यांना टाकी नाही, घरघर नाही आणि धूरही नाही. या दोहोंच्या मधोमध मोटारींची एक तिसरी जात आहे. तिला पेट्रोल ओतण्यासाठी एक तोंड असते आणि घरातील विजेची तार जोडण्यासाठी दुसरे. तिला इंग्रजीत ‘प्लग-इन हायब्रिड’ असे म्हणतात. आपण तिला प्लगची संकरित मोटार म्हणू. ही गाडी कशी चालते हे समजणे फारसे अवघड नाही. परंतु ती कोणाच्या हाती आहे आणि तिचा खर्च कोण सोसतो, यावर तिचे यशापयश किती अवलंबून असते, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

एकाच गाडीस दोन शक्ती जुंपण्याची कल्पना नवी नव्हे. १९०० साली व्हिएन्ना शहरात लोनर यांच्या गाड्यांच्या कारखान्यात फर्डिनांड पोर्शे नावाचा एक तरुण तंत्रज्ञ काम करीत होता. त्याने एक नवलाची गाडी तयार केली. तिचे पेट्रोल-एंजिन चाके फिरवीत नसे. ते विजेचे जनित्र फिरवीत असे, आणि त्या विजेवर चाकांच्या मध्यभागी बसविलेली विद्युत्-यंत्रे चालत. या गाडीचे नाव होते ‘सेम्पर विवस’, म्हणजे ‘सदैव जिवंत’. परंतु पुढे साध्या पेट्रोलच्या मोटारीच स्वस्त आणि सोयीच्या ठरल्या, आणि ही कल्पना बरीच वर्षे मागे पडली.

१९९७ च्या अखेरीस जपानच्या टोयोटा कंपनीने ‘प्रियस’ ही संकरित मोटार विक्रीस आणली. तिच्यात एंजिनाच्या जोडीला एक लहानशी बॅटरी व विद्युत्-मोटर होती. ब्रेक दाबला म्हणजे एरवी वाया जाणारी गती ही गाडी विजेच्या रूपाने साठवून ठेवी. सायकलीच्या चाकास डायनॅमो टेकविला, की दिवा लागतो, पण त्याबरोबर पायडल मारणे जड जाते, हा अनुभव पुष्कळांनी घेतला असेल. चाकाची गती थोडी कमी होते आणि तिचीच वीज होते. प्रियसमध्ये हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडत असे. मात्र तिला भिंतीतील प्लग नव्हता. तिच्यात जी वीज तयार होई, तिचे मूळ अखेर टाकीतील पेट्रोलच असे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत अँड्र्यू फ्रँक नावाचे प्राध्यापक होते. बॅटरी मोठी करावी आणि ती रात्री घरच्या विजेने भरावी, हा विचार त्यांनी चिकाटीने पुढे नेला व विद्यार्थ्यांच्या साहाय्याने अशा कित्येक गाड्या बनविल्या. २००८ च्या डिसेंबरात चीनमधील बीवायडी कंपनीने अशी मोटार विक्रीस आणली. आपल्याकडेही २०१० साली पुण्यातील केपीआयटी कमिन्स या कंपनीने ‘रेव्होलो’ नावाची एक जोडणी लोकांपुढे मांडली होती. जुन्याच मोटारीत बॅटरी व विद्युत्-मोटर बसवून तिला प्लगची संकरित मोटार करावी, असा तिचा उद्देश होता. ती काही घरोघर पोहोचली नाही. पण हा विचार पुण्यातही झाला होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्याच वर्षी, २०१० च्या डिसेंबरात, अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने ‘शेव्हरोले व्होल्ट’ ही मोटार ग्राहकांच्या हाती दिली. या गाडीची रचना नीट पाहिली, की या जातीच्या मोटारींचे सारे वर्म कळते. म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू.

पहिल्या व्होल्टमधील बॅटरीत १६ युनिट वीज मावत असे. घरी विजेचे बिल येते, त्यावर जे युनिट लिहिलेले असतात, तेच हे युनिट. ही बॅटरी सुमारे २०० किलो वजनाची होती आणि गाडीच्या पाठीच्या कण्याप्रमाणे मधोमध बसविलेली होती. गंमत अशी, की १६ युनिटांपैकी जेमतेम १० युनिटच वापरण्याची मुभा गाडी देत असे. बॅटरी काठोकाठ भरली किंवा पार रिकामी केली, तर तिचे आयुष्य घटते. म्हणून वरचा व खालचा काही भाग राखून ठेवलेला असे. कंपनीने बॅटरीची हमी ८ वर्षांची दिली होती. ती देण्याचे धैर्य या काटकसरीतूनच आले असावे.

अमेरिकी सरकारच्या चाचणीप्रमाणे ही गाडी एकदा भरलेल्या विजेवर ५६ किलोमीटर जाई. वीज संपली, की एंजिन आपोआप सुरू होई, आणि ३५ लिटरांच्या टाकीवर गाडी आणखी सुमारे साडेपाचशे किलोमीटर धावे. पेट्रोलवर ती लिटरमागे साधारण १५ ते १६ किलोमीटर देत असे. म्हणजे विजेवरच्या ५६ किलोमीटरांत साडेतीन लिटर पेट्रोल वाचे. सकाळी कामावर जाऊन सायंकाळी घरी परतणाऱ्या पुष्कळ लोकांचा रोजचा प्रवास एवढ्यातच आटोपतो. अशा माणसाने रोज रात्री तार जोडली, तर आठवड्यामागून आठवडे गेले तरी एंजिन सुरू करण्याची वेळ येऊ नये.

आणि तसे खरोखरच घडे! त्यामुळे एक नवीनच अडचण उभी राहिली. पेट्रोल फार दिवस साठवले, तर ते खराब होते, आणि न फिरणाऱ्या एंजिनाच्या भागांवर तेलाचा थर राहत नाही. यावर तंत्रज्ञांनी युक्ती योजली. सुमारे दीड महिना एंजिन सुरूच झाले नाही, तर गाडी चालकाची अनुमती मागून ते थोडा वेळ फिरवी. आणि टाकीतील पेट्रोल वर्षाचे जुने झाले, की ते जाळून टाकी. पेट्रोल वाचविण्यासाठी घेतलेली गाडी ते शिळे होऊ नये म्हणून जाळते, हे ऐकून हसू येईल. परंतु तिच्या मालकांना यात मोठा अभिमान वाटत असे.

अशी गाडी चालविण्याचा अनुभव निराळा असतो. ती सुरू झाल्याचे कानांस कळत नाही. पाय उचलताच ती मंदावते, आणि उतारावर विजेचा काटा पुन्हा थोडा वर चढतो. तो चढलेला पाहण्याच्या हौसेने कित्येक चालक हळू व सांभाळून गाडी हाकू लागतात. हिवाळ्यात मात्र तिचे तेज कमी होते. थंडीने बॅटरी मंद होते, शिवाय आतील माणसांना ऊब देण्यासाठीही वीज खर्ची पडते. आणि फार कडक थंडीत तर वीज शिल्लक असतानाही एंजिन चालू होई.

तार जोडण्यासाठी जागा हवी, हे उघडच आहे. अमेरिकेत ज्याचे स्वतंत्र घर व गाडीखाना आहे, त्याला ही अडचण नाही. घरातील साध्या प्लगवर व्होल्ट १० ते १२ तासांत भरे, आणि दुप्पट दाबाच्या विजेवर सुमारे ४ तासांत. पण तेथेही मोठ्या इमारतीत बिऱ्हाड असणाऱ्याने तार कोठवर सोडावी? मुंबईच्या चाळीत राहणाऱ्या वाचकास हा प्रश्न लगेच सुचला असेल. शिवाय भिंतीतून येणारी वीज कशापासून होते, हेही विचारले पाहिजे. व्होल्ट आली त्या वर्षी अमेरिकेतील जवळजवळ निम्मी वीज कोळशापासून होत होती. तेव्हा रस्त्यावरील धूर कमी झाला, तरी त्यातील काही भाग वीजघराच्या धुराड्यातून निघतच होता.

आता किमतीकडे वळू. व्होल्टची किंमत ४१,००० डॉलर होती. त्याच कंपनीची साधारण तेवढ्याच आकाराची पेट्रोलची मोटार १७,००० डॉलरांपासून मिळे. प्लगच्या गाडीस सरकार ७,५०० डॉलरांपर्यंत कर माफ करी. ही सवलत अमेरिकेत ३० सप्टेंबर २०२५ नंतर बंद झाली. तरीही अंतर मोठेच राहिले. म्हणून पुष्कळांनी गाडी विकत न घेता भाडेपट्ट्याने घेतली. आरंभी २,५०० डॉलर आणि पुढे ३६ महिने दरमहा ३५० डॉलर, असा कंपनीचा देकार होता. म्हणजे तीन वर्षांचे १५,१०० डॉलर झाले. मुदत संपली, की गाडी परत करावयाची, अथवा करारात लिहिलेली किंमत देऊन ठेवून घ्यावयाची. गाडी ठरलेल्या अंतराहून अधिक चालविली, तर जादा पैसे द्यावे लागतात. नव्या प्रकारच्या यंत्राबाबत हा मार्ग शहाणपणाचा आहे, असे मला वाटते. कारण दहा वर्षांनी बॅटरीचे काय होईल, ही चिंता भाडेकरूस नसते, मालकास असते.

परंतु भाडेकरूस मालकाचा अधिकारही नसतो. याच जनरल मोटर्स कंपनीने १९९६ साली ‘ईव्ही-१’ नावाची केवळ विजेवर चालणारी मोटार काढली होती. ती कोणासही विकत मिळत नसे, फक्त भाडेपट्ट्याने मिळे. अशा ११०० हून थोड्या अधिक गाड्या तयार झाल्या. वापरणाऱ्यांचा त्यांच्यावर जीव जडला. पण मुदती संपल्यावर कंपनीने त्या परत घेतल्या. काही संग्रहालयांस व विद्यापीठांस दिल्या आणि बहुतेक चिरडून टाकल्या. २००५ साली कॅलिफोर्नियातील बरबँक येथे उरलेल्या ७८ गाड्यांभोवती त्यांच्या चाहत्यांनी रात्रंदिवस पहारा केला आणि त्या विकत घेण्याची तयारी दाखविली. कंपनीने ते मानले नाही. पट्ट्यावरील शब्द कंपनीच्या बाजूचे होते.

वापरणारा एक आणि पैसे देणारा दुसरा असला, म्हणजे आणखी एक प्रकार घडतो. तो युरोपात दिसून आला. तेथे पुष्कळ कंपन्या भाडेपट्ट्याने मोटारी घेऊन आपल्या नोकरांस देतात. प्लगच्या गाडीवर कर कमी, म्हणून कंपन्यांनी त्या पसंत केल्या. पेट्रोलचा खर्च कित्येकदा कंपनीच देई. घरी गाडी भरली, तर विजेचे बिल मात्र नोकराच्या माथी येई. मग तार जोडण्याचे श्रम कोण घेणार? २०१८ साली ब्रिटनमध्ये अशा गाड्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. परत आलेल्या काही गाड्यांत विजेची तार वेष्टनातून बाहेरही काढलेली नव्हती. अशा गाडीत जड बॅटरीचे ओझे एंजिनाने रात्रंदिवस वाहावयाचे. जो बैल जुवास जोडावयाचा, त्यालाच गाडीत बसवून दुसऱ्याकडून ओढून न्यावे, तसे हे झाले. त्याच वर्षी ब्रिटनच्या सरकारने अशा मोटारींना खरेदीसाठी दिले जाणारे साहाय्य बंद केले.

पुढे युरोपीय संघाने मोटारींतच बसविलेल्या मापकांकडून खऱ्या वापराचे आकडे गोळा केले. २०२४ साली ते प्रसिद्ध झाले. २०२१ मध्ये नोंदलेल्या प्लगच्या संकरित मोटारी प्रयोगशाळेत मोजलेल्या प्रमाणाच्या सरासरी साडेतीनपट कार्बन डायॉक्साइड रस्त्यावर सोडीत होत्या. मोटारींत बिघाड नव्हता, की मापकांतही नव्हता. गाडीचा मालक तिला नेमाने वीज देईल आणि बरेचसे अंतर विजेवरच कापील, असे चाचणीच्या गणितात धरलेले होते. आणि मालक तसे करीत नव्हते. म्हणून २०२५ पासून, बाजारात येणाऱ्या नव्या नमुन्यांच्या मोटारींसाठी, विजेवर कापल्या जाणाऱ्या अंतराचे हे गृहीत प्रमाण युरोपीय संघाने बरेच खाली आणले आहे.