गोड्या पाण्याचे गळ खाडीत नकोत
(लेखमाला : गळ आणि पाणी, भाग ७)

कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरातून वाशिष्ठीत उतरतं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला मिळतं. कराड, विटा, सांगलीकडची गळ टाकणारी मंडळीही आता कुंभार्ली घाट उतरून त्याच खाडीवर जिताड्यासाठी जातात. ल्युअर (नकली आमिष) मात्र तोच, कृष्णेत मरळीसाठी वापरलेला, आणि त्याचे गळही तेच. नेमकं इथेच चुकतं. ल्युअर चालेल, पण त्याचे गळ बदलावेच लागतात.

नदीसाठीच्या ल्युअरला बहुधा बारीक तारेचे, तीन तोंडांचे ट्रेबल असतात. जिताड्याचा जबडा टणक. मासा पाण्याबाहेर उडी घेतो, डोकं झाडतो, आणि तो सगळा ताण एका बारीक टोकावर येतो. टोक सरळ होतं, मासा सुटतो. शिवाय ल्युअरच्या पोटाचा ट्रेबल माशाच्या तोंडात असताना शेपटीचा मोकळा ट्रेबल गळ काढणाऱ्याच्या बोटात घुसू शकतो. म्हणून जाड तारेचा, गंजरोधक मुलाम्याचा एकेरी गळ मला जास्त भरवशाचा वाटतो.

पण कुठलाही एकेरी गळ चालत नाही. गळ टेबलावर आडवा ठेवा. डोळ्याचं भोक वरून सरळ दिसलं तर तो इनलाइन, आपल्या कामाचा. नेहमीच्या गळाचा डोळा उभा असतो. तो एका स्प्लिट रिंगमध्ये (गळ ल्युअरला जोडणाऱ्या कडीत) अडकवला की गळ आडवा फिरतो. पोटाच्या गळाचं टोक ल्युअरच्या तोंडाकडे आणि शेपटीच्या गळाचं टोक वर, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. दोन्ही गळ एकमेकांपर्यंत पोचत नाहीत ना, हे हातानं हलवून बघा.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट वजनाची. जुना ट्रेबल आणि नवा गळ छोट्या डिजिटल काट्यावर ठेवा. नवा जड झाला तर तरंगणारा ल्युअर बुडायला लागतो. हलका झाला तर त्याची डुलण्याची लय बिघडते. किनाऱ्यावर पहिली फेक टाकण्याआधी ल्युअर पायाशी पाण्यात ओढून पाहा. एका अंगाला कलत असेल तर गळ बदला, नुसती दोरी हळू ओढून भागत नाही.

स्प्लिट रिंगही नवी, जाड घाला. नखानं उघडू नका, त्यासाठीची चोचदार पक्कड मिळते.

धातूच्या जड आमिषाची, म्हणजे जिगची, गोष्ट वेगळी. तिथे गळ खाली न लावता वरच्या कडीला आखूड, मजबूत दोरीनं बांधतात. त्याला असिस्ट हुक म्हणतात. जड जिगचा झटका गळाला थेट बसत नाही, त्यामुळे मासा डोकं झाडून तो सहज फेकू शकत नाही.

गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका, असं मी आग्रहानं सांगेन. जिताडा बहुधा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीतला मोठा मासा बहुतेक वेळा अंड्यांची मादीच असते. काटा दाबलेला असेल तर तिला फार न दुखवता सोडता येतं.

परतल्यावर ल्युअर गोड्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवूनच डब्यात ठेवा. ओल्या गळाचा गंज शेजारच्या गळांनाही लागतो.

पुढच्या आठवड्यात लीडर (गळाजवळची मजबूत दोरी) : जिताड्याच्या कल्ल्यांची धारदार झाकणं दोरी कशी कापतात आणि त्यावर काय करायचं.