निलगिरीहून निघालेला तांबेरा

मे महिन्यात निफाडकडच्या एखाद्या गव्हाच्या रानात जाऊन तांबेरा शोधा. सापडणार नाही. पीक कधीच निघालेलं असतं, नांगरट झालेली असते, ढेकळं तापलेली असतात. तांबेऱ्याची बुरशी हिरव्या, जिवंत पिकावरच जगते. मेलेल्या काडीवर तिचं भागत नाही. तिचे उडते बीजाणू आपल्याकडचा उन्हाळा सोसू शकत नाहीत. म्हणजे दरवर्षी मैदानी मुलखातला तांबेरा जवळजवळ निर्वंश होतो. तरीही पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत गव्हाच्या पानांवर नारिंगी आणि खोडांवर विटकरी पुरळ हजर असतो. हा येतो कुठून?

शेतकऱ्याला विचारा, तो म्हणेल, “आभाळ आलं की तांबेरा पडतो.” बहुतेकांना वाटतं, ही नुसती बोलण्याची रीत. पण काळ्या, म्हणजे खोडावरच्या तांबेऱ्याच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. तो आभाळातूनच पडतो.

याचा छडा लावायला सुरुवात केली ती आग्रा कॉलेजात शिकवणाऱ्या करमचंद मेहता यांनी, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. त्या काळी पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा सगळा रोख दारुहळदीच्या कुळातल्या झुडपांवर होता. थंड देशांत काळा तांबेरा आपलं जीवनचक्र या झुडपांवर पुरं करतो, म्हणून अमेरिकेत 1918 पासून ती उपटून टाकायची मोहीमच निघाली. ही झुडपं आपल्या हिमालयातही आहेत, तेव्हा गुन्हेगार तिथेच असणार, असं मानणं सोपं होतं. मेहतांनी मात्र वर्षानुवर्षं डोंगर आणि मैदानं पालथी घालून दाखवलं, की भारतात या झुडपांचा काही संबंध नाही. मैदानात मरणारा तांबेरा थंड डोंगरांत, तिथल्या पुढेमागे पेरलेल्या आणि आपोआप उगवलेल्या गव्हावर, वर्षभर तगून राहतो. उत्तरेला हिमालय आणि दक्षिणेला निलगिरी-पळणीचे डोंगर. आपल्या काळ्या तांबेऱ्याचं आजोळ दक्षिणेचं, तमिळनाडूतलं.

आता नकाशा पुढे घ्या. निलगिरीपासून विदर्भ हजारेक किलोमीटर दूर. मध्ये गव्हाची सलग शेतं नाहीत, की शेताशेतातून उड्या मारत यावं. बीजाणू तर मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा. एवढी मजल त्याने मारली कशी?

याचं उत्तर 1970 च्या दशकात एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवामानाच्या नकाशांत शोधलं, आणि मला तरी ही सगळी कथा तिथेच सर्वांत रोमांचक वाटते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं होतात, हे आपल्याला बातम्यांमुळे ठाऊक असतं. आपल्याकडची वादळं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, म्हणून त्यांच्या पूर्वेच्या अंगाला वारा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. वादळ द्वीपकल्पावर चढून अशा बेताने सरकलं, की निलगिरी त्याच्या पूर्वेच्या अंगाला आली, तर डोंगरातल्या गव्हावरची विटकरी भुकटी या वाऱ्याच्या हाती लागते. दख्खनवर वाढीव दाबाचा पट्टा ठाण मांडून बसला, किंवा उत्तरेकडून पश्चिमी झंझावाताची द्रोणी खाली दक्षिणेपर्यंत लोंबली, तरी वाऱ्याची वाट तशीच बनते. अशा स्थितींवरून तांबेऱ्याच्या आगमनाचा अंदाज बांधण्याचे नियमच त्यांनी मांडले.

नुसता वारा मात्र पुरत नाही. वर गेलेला बीजाणू खाली यायला हवा, आणि तोही नेमका गव्हावर. हे काम पाऊस करतो. थेंब पडता पडता हवेतले बीजाणू धुऊन खाली आणतो. मध्य भारतात त्या सुमारास गहू नुकता उगवून आलेला असतो. ज्या अवकाळी सरीकडे पाहून आपण ‘गव्हाला बरं झालं’ म्हणतो, तीच सर कधी कधी हा पाहुणा सोडून जाते.

पाहुणा पानावर उतरला, पण आत कसा शिरतो? त्याला लागतं पाणी, आणि तेही थेंबाच्या रूपात. रात्री दव पडलं की काही तासांत बीजाणूतून एक बारीक नळी फुटते. तिला डोळे नाहीत, तरी ती भरकटत नाही. गव्हाच्या पानावरची श्वसनछिद्रं पानाच्या लांबीला समांतर अशा ओळींत असतात. नळी मात्र पानाच्या आडव्या दिशेने वाढत जाते, पेशींच्या सांध्यांवरचा उंचसखलपणा चाचपत. लांबीच्या दिशेने गेली असती, तर दोन ओळींच्या मधूनच हकनाक फिरत राहिली असती. आडवी गेल्यामुळे एखादी ओळ तिला ओलांडावीच लागते. छिद्र लागलं की ती त्यावर फुगून बसते. पानावरचा तपकिरी तांबेरा अंधारातच आत घुसतो. काळा तांबेरा उजेडाची वाट पाहतो.

हे वाट पाहणं त्याच्या जिवावर बेतू शकतं. सकाळी लख्ख ऊन पडलं, वारा सुटला आणि दव लगेच सुकलं, तर ती नळी छिद्राच्या दारातच वाळून जाते. उलट सकाळी धुकं पसरलं आणि पान उशिरापर्यंत ओलं राहिलं, तर तिचं काम फत्ते. इथे ‘ढगाळ हवामान’ या शब्दांत एक छोटी गंमत आहे. ढगाळ रात्री दव कमी पडतं. भरपूर दव निरभ्र रात्रीच पडतं. त्यामुळे निरभ्र रात्र आणि मागोमाग मंद, ओलसर सकाळ, ही जोडी गव्हाला खरी जड जाते.

एकदा आत गेल्यावर सगळा हिशेब तापमानाचा. अनुकूल उबेत आठवडा-दोन आठवड्यांत पुरळ फुटतो. खोडावरचा फोड भिंगाखाली पाहिला तर साल फाटून तिच्या कडा वर उचललेल्या दिसतात. बोट फिरवलं की विटकरी पूड लागते. असा एकेक फोड रोज हजारो बीजाणू सोडतो, आणि उडायला त्यांना आता ओल नको, कोरडी हवा हवी. आत शिरताना ओली रात्र, बाहेर पडताना कोरडी दुपार: आपल्या हिवाळ्यात दोन्ही आलटून पालटून मिळतात. समजा, दर पिढीत रोग दसपट वाढतो. दहा दिवसांना एक पिढी झाली, तर साठ दिवसांत एकाचे दहा लाख फोड. थंडीने पिढी वीस दिवसांवर नेली, तर त्याच साठ दिवसांत फक्त हजार. काही अंशांचा फरक, पण एवढा मोठा.

प्रत्येक तांबेऱ्याची आवड वेगळी. पिवळ्याला चांगली थंडी लागते, म्हणून तो पंजाब-हिमाचलाकडे छळतो; आपली हवा त्याला मानवत नाही. तपकिरीला मध्यम, काळ्याला सर्वांत जास्त ऊब. म्हणूनच उशिरा पेरलेल्या गव्हाला काळा तांबेरा गाठतो: फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा तापू लागते, तेव्हा वेळेवर पेरलेला गहू पिकायला आलेला असतो आणि उशिराचा अजून हिरवा. 1946-47 च्या रब्बीत मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याने थैमान घातलं होतं. सुमारे 20 लाख टन गहू बुडाल्याचा अंदाज आहे. त्यानंतर तांबेऱ्याला दाद न देणारे वाण आले आणि गेल्या काही दशकांत तशी मोठी साथ इथे आलेली नाही. पण बुरशीही बदलते. 1990 च्या दशकाच्या अखेरीस युगांडात काळ्या तांबेऱ्याचा एक नवा प्रकार सापडला. जगभरच्या कित्येक वाणांची भिस्त ज्या एका जनुकावर होती, ते त्याने निकामी केलं. पुढे तो तांबडा समुद्र ओलांडून येमेनमध्ये आणि तिथून इराणपर्यंत पोहोचला.

म्हणून आजही ठिकठिकाणी पाळत असते. महाबळेश्वरच्या गहू तांबेरा संशोधन केंद्रात नव्या वाणांवर मुद्दाम रोग सोडून कोण टिकतो ते पाहतात. देशभरच्या सापळा वाफ्यांत ‘आग्रा लोकल’सारखा, तांबेऱ्याला पटकन बळी पडणारा वाण हौसेने पेरला जातो. त्याच्या पानावर पुरळ दिसला, की ती पानं सिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्राकडे रवाना होतात. तिथे तो तांबेरा निरनिराळ्या जनुकांच्या रोपांवर वाढवून बघतात, आणि कोणतं रोप आजारी पडलं, कोणतं टिकलं, यावरून आलेला तांबेरा जुना ओळखीचा की नवा, हे ठरतं.